घटक ४ : पाहणे आणि दिसणे – रिचर्ड फंग यांची व्हिडिओकला

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर व्हिडिओकला हे माध्यम चित्रपटाहून वेगळे का मानले जाते, हे आपणांस सांगता यावे. समलिंगी इच्छेच्या अभिव्यक्तीचा विचार करताना वाक्यातील कर्ता, कर्म आणि अनुभव घेणारी व्यक्ती यांच्याकडे लक्ष का द्यावे लागते, हे उदाहरणांनी स्पष्ट करता यावे. तसेच एका कलावंताच्या तीन दशकांहून अधिक काळाच्या निर्मितीतील सलगपणा शोधता यावा, एवढीच येथे अपेक्षा आहे. कलाकृतींची नावे व साले पाठ करणे हा या घटकाचा हेतू नाही.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, १९९१ साली अमेरिकेत समलिंगी चित्रपट व व्हिडिओ यांविषयीच्या निबंधांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘हाऊ डू आय लुक?’. हे वाक्य मराठीत आणायचे ठरवले, तर अनुवादकाला पहिल्याच शब्दापाशी थांबावे लागते. ‘मी कसा दिसतो?’ असाही त्याचा अर्थ होतो आणि ‘मी कसा पाहतो?’ असाही. इंग्रजीत ‘लुक’ हे एकच क्रियापद दोन्ही बाजूंनी वापरता येते. मराठीने मात्र या दोन व्यापारांसाठी दोन स्वतंत्र धातू राखून ठेवले आहेत. पाहणारा काहीतरी करतो, दिसणारा दुसऱ्याच्या नजरेत सापडतो. संग्रहाच्या संपादकांना शीर्षकात जी संदिग्धता हवी होती, ती मराठीत टिकत नाही. परंतु तिचा उलगडा मराठीत जितका स्वच्छ होतो, तितका इंग्रजीत होत नाही.

याच संग्रहात रिचर्ड फंग यांचा एक निबंध आहे. त्याचे शीर्षक मुद्दामच धक्का देणारे असून निबंधाचा विषय समलिंगी पुरुषांसाठी उत्तर अमेरिकेत तयार होणाऱ्या कामोत्तेजक चित्रफिती हा आहे. पूर्व आशियाई वंशाचा पुरुष या चित्रफितींत कसा दिसतो, असा प्रश्न फंग यांनी विचारला. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा : तो मुळात फारसा दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा गोऱ्या पुरुषाच्या सुखासाठी मांडून ठेवलेला असतो. समोर बसलेला प्रेक्षकही गोराच असणार, असे त्या चित्रफिती गृहीत धरतात. स्वतः आशियाई असलेला समलिंगी प्रेक्षक ती पाहताना काय करील? त्याला पाहायचे तर गोऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागेल, आणि त्या डोळ्यांना जे दिसते ते त्याचे स्वतःचेच शरीर असेल.

माध्यमांच्या अभ्यासात हा निबंध आज मूलभूत मानला जातो. या घटकात आपला भर मात्र निबंधावर नसून फंग यांच्या चित्रफितींवर आहे. दिसणाऱ्याने पाहणारा कसे व्हावे, हा एकच प्रश्न त्यांनी निरनिराळ्या ठिकाणी नेऊन ठेवला आहे. आधी शरीराजवळ, मग कुटुंबात, मग इतिहासात आणि न्यायालयात.

४.३ विषय विवेचन

४.३.१ व्यक्ती आणि माध्यम

रिचर्ड फंग यांचा जन्म १९५४ मध्ये त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन येथे झाला. वडील दक्षिण चीनमधून आलेले हक्का भाषक होते. आई त्रिनिदादमध्येच जन्मलेल्या चिनी कुटुंबातील होती. तरुणपणी ते कॅनडात आले आणि टोरोंटो येथे त्यांनी कलाशिक्षण घेतले. ज्या कलामहाविद्यालयात ते शिकले, तेथेच पुढे ते प्राध्यापक झाले. १९८० मध्ये ‘गे एशियन्स टोरोंटो’ या गटाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. पुढे त्यांना व्हिडिओकलेतील जीवनगौरवासारखे सन्मान मिळाले. त्यांची यादी येथे देण्याचे कारण नाही.

ज्या काळात हा तरुण टोरोंटोत काम करू लागला, तो काळ मात्र लक्षात ठेवावा. कॅनडात प्रौढांमधील खाजगी समलिंगी संबंध १९६९ च्या कायदादुरुस्तीने गुन्ह्याच्या कक्षेबाहेर गेले होते. तरीही ५ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री टोरोंटो पोलिसांनी समलिंगी पुरुषांच्या स्नानगृहांवर छापे घातले आणि सुमारे ३०० जणांना पकडले. दुसऱ्याच रात्री हजारो लोक रस्त्यावर उतरले. या आंदोलनांत आशियाई, कृष्णवर्णीय, कॅरिबियन माणसेही होती. मात्र चळवळीच्या चित्रांत ती क्वचितच दिसत.

येथे माध्यमाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हातात धरून चालवता येईल असा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आला. चित्रपटाला लागणारी रीळे, प्रयोगशाळा, मोठे भांडवल आणि प्रेक्षागृह यांपैकी कशाचीच त्याला गरज नव्हती. चित्रण तत्काळ पाहता येई, पुसता येई, पुन्हा करता येई. एखाद्या संघटनेच्या खोलीत वीस-पंचवीस माणसे एका दूरचित्रवाणी संचाभोवती बसून ती फीत पाहत आणि नंतर तिच्यावर वाद घालत. टोरोंटोत अशा चित्रफितींच्या वितरणासाठी ‘व्ही टेप’ ही संस्था १९८० मध्ये उभी राहिली. ज्यांना चित्रपटाच्या पडद्याने जागा दिली नव्हती, त्यांना या लहान पडद्याने दिली. व्हिडिओकला ही चित्रपटाची गरीब धाकटी बहीण आहे, असे काही समीक्षक मानत आले. मला हे मत उथळ वाटते. ओवी आणि महाकाव्य यांची लांबी तुलना करून ओवीला कमी लेखण्यासारखेच ते आहे.

४.३.२ ‘ओरिएंटेशन्स’ : चेहरा दाखवण्याचे मोल

फंग यांची पहिली महत्त्वाची चित्रफीत ‘ओरिएंटेशन्स’ १९८४ सालची. सुमारे ५६ मिनिटांच्या या फितीत टोरोंटोमधील आशियाई वंशाचे चौदा समलिंगी स्त्रीपुरुष स्वतःविषयी बोलतात. घर, काम, वंशभेद, प्रेम, संघटन असे विषय येतात. रचना साधी आहे, मुलाखतींची.

शीर्षकात मात्र श्लेष आहे. इंग्रजीत ‘ओरिएंटेशन’ म्हणजे कल, लैंगिक कल हाही त्यात आलाच. आणि ‘ओरिएंट’ म्हणजे पूर्व. लॅटिनमधील ‘उगवणारा’ या अर्थाच्या शब्दापासून तो आलेला आहे. दिशा ठरवायची तर सूर्य उगवतो तिकडे तोंड करायचे, ही जुनी कल्पना त्यात आहे. आपल्याकडील ‘प्राची’, ‘प्राच्य’ ही कुळी अर्थाने याच्या जवळची. एडवर्ड सैद यांनी १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथात पूर्व ही पश्चिमेच्या ज्ञानव्यवहाराने घडवलेली एक प्रतिमा कशी आहे, हे दाखवले होते. फंग यांच्या शीर्षकात हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात भेटतात. या माणसांचा कल आणि या माणसांची दिशा वेगळी काढता येत नाही.

या चौदा जणांपुढे दुहेरी पेच होता. समलिंगी चळवळीत त्यांच्याकडे ‘परदेशी’ म्हणून पाहिले जाई, आणि आपापल्या समाजात त्यांच्या प्रेमाला ‘पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ’ म्हटले जाई. कॅमेऱ्यासमोर उघड्या चेहऱ्याने बसणे म्हणजे दोन्हीकडचा आसरा पणाला लावणे. आज आपल्याला एका साध्या मुलाखतीत काय विशेष आहे, असे वाटू शकेल. तो प्रश्न १९८४ मध्ये ज्याला नोकरी टिकवायची होती आणि दर रविवारी आईकडे जेवायला जायचे होते, अशा माणसाच्या जागी उभे राहून विचारावा.

४.३.३ इच्छेचे व्याकरण

१९८६ मधील ‘चायनीज कॅरेक्टर्स’ ही फीत वीस मिनिटांच्या आसपासची आहे. शीर्षक पुन्हा द्व्यर्थी. ‘कॅरेक्टर’ म्हणजे चिनी लिपीतील चिन्ह, आणि ‘कॅरेक्टर’ म्हणजे पात्र, व्यक्तिरेखा. आशियाई समलिंगी पुरुष गोऱ्यांच्या कामोत्तेजक चित्रफितींशी आपले नाते कसे आहे ते येथे सांगतात. नकाराचे नाते सांगणे सोपे होते. परंतु त्यांतील काही जण प्रांजळपणे कबूल करतात की, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष असतो कसा, हे आपण त्याच चित्रफितींतून शिकलो. या कथनांच्या जोडीला पीत नदीचा उगम शोधायला निघालेल्या माणसाची एक जुनी चिनी कथा ठेवलेली आहे. आपल्या इच्छेचा उगम शोधू पाहणाऱ्याला तो स्वतःच्या आत सापडेल की दुसऱ्याने रंगवलेल्या चित्रात, हा प्रश्न फीत सोडवत नाही. ती तो नीट विचारते, आणि फंग यांच्या सुरुवातीच्या कामात मला हीच फीत सर्वांत धीट वाटते.

येथे थोडे भाषेकडे वळू. पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) मी त्याच्यावर प्रेम करतो. / मी त्याच्यावर प्रेम करते.
(आ) मला तो आवडतो.

वाक्य (अ) मध्ये ‘मी’ हा कर्ता आहे आणि क्रियापद त्याच्या लिंगानुसार चालते. बोलणारा पुरुष की स्त्री, हे उच्चारताक्षणी उघड होते. वाक्य (आ) मध्ये अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थी विभक्तीत आहे, प्रथमेत आहे तो ‘तो’, आणि क्रियापद त्याच्याशी जुळते. परिणामी ‘मला तो आवडतो’ हे वाक्य कोणी म्हटले, पुरुषाने की स्त्रीने, हे व्याकरण सांगत नाही. मराठीत आवडणे, दिसणे, आठवणे, भावणे ही सारी क्रियापदे अशीच चालतात. इच्छा ही आपण करण्याची गोष्ट नसून आपल्याला होणारी गोष्ट आहे, असे जणू भाषेला वाटते. मराठी बोलणाऱ्या एखाद्या समलिंगी तरुणाला या रचनेत आडोसा सापडेल. तोच आडोसा त्याच्या अडचणीचे कारणही होऊ शकतो, कारण ‘करतो’ म्हणायची वेळ कधी ना कधी येतेच.

शब्दनिवडीचाही येथे संबंध आहे. इंग्रजी ‘डिझायर’ला मराठीत इच्छा, कामना, अभिलाषा, ओढ, वासना असे अनेक पर्याय आहेत. ‘वासना’ हा संस्कृतात मनावर उमटलेल्या सूक्ष्म संस्काराचा शब्द. मराठीत त्याला निंदेचा रंग चढला. अनुवाद तपासताना असे दिसते की, स्त्रीपुरुषांच्या बाबतीत ‘ओढ’ लिहिणारा अनुवादक दोन पुरुषांच्या बाबतीत नकळत ‘वासने’वर येतो. या घटकात ‘इच्छा’ आणि ‘ओढ’ हेच शब्द जाणीवपूर्वक वापरले आहेत.

फंग यांच्या निबंधाचा आणि ‘चायनीज कॅरेक्टर्स’चा गाभा व्याकरणाच्या भाषेत मांडता येतो. प्रचलित चित्रफितीत आशियाई पुरुष सदैव कर्मस्थानी असतो. त्याला प्रथमपुरुषी कर्ता करणे हे पहिले पाऊल झाले. परंतु कर्त्याची जागा केवळ उलटवली, म्हणजे आता आशियाई पाहील आणि गोरा दिसेल, तर नजरेची रचना तीच राहते. फंग यांनी हा सोपा मार्ग घेतला नाही. ‘स्टीम क्लीन’ या १९९० मधील काही मिनिटांच्या फितीत एक पूर्व आशियाई आणि एक दक्षिण आशियाई पुरुष वाफेच्या स्नानगृहात एकमेकांना भेटतात. फितीचा उघड हेतू सुरक्षित संभोगाचा प्रचार हा आहे. दोघेही पाहतात आणि दोघेही दिसतात, आणि तिसरा गोरा मध्यस्थ तेथे नाही. आरोग्यशिक्षणाच्या साध्या कामासाठी बनवलेल्या फितीत हे घडावे, याचे मला अप्रूप वाटते. त्याच वर्षी ‘फायटिंग चान्स’ ही एचआयव्हीसह जगणाऱ्या आशियाई समलिंगी पुरुषांवरील फीतही त्यांनी केली.

थांबा आणि विचार करा : ‘मला तो दिसला’ आणि ‘मी त्याला पाहिले’ या दोन वाक्यांत जबाबदारी कोणावर पडते? दोन्ही वाक्ये एखाद्या पोलिसी जबाबात घालून पाहा.

४.३.४ आईवडील

यानंतर फंग यांनी कॅमेरा घराकडे वळवला. ‘द वे टू माय फादर्स व्हिलेज’ (१९८८) मध्ये ते दक्षिण चीनमधील वडिलांच्या गावी जातात. वडील आता हयात नाहीत, आणि वडिलांची भाषा मुलाला येत नाही. आप्तांशी बोलायचे ते दुभाष्यामार्फत. वडिलांच्या गावचा मुलगा तेथे पर्यटक ठरतो. ‘माय मदर्स प्लेस’ (१९९०) मध्ये आई रिटा बोलतात, आणि त्या बोलू लागल्या की चित्रफीत त्यांच्या मालकीची होते. ब्रिटिश अमलातील त्रिनिदाद, वर्ग, वर्ण, राणीच्या देशाबद्दलची आदरभावना हे सारे त्यांच्या गोष्टींतून झिरपते. फंग यांच्या बालपणीची घरगुती चित्रणेही येथे आहेत : नीटनेटके कपडे, सहली, हसरी कुटुंबे. आपण कसे जगत होतो यापेक्षा आपल्याला कसे दिसायचे होते, हे ही चित्रणे सांगतात, असे फंग यांचे निवेदन सुचवते.

हे वाक्य पुन्हा वाचावे. इच्छा हा शब्द येथे शरीराच्या ओढीपलीकडे गेला आहे. कुटुंबालाही इच्छा असते, दिसण्याची. आणि त्या दिसण्यात समलिंगी मुलगा बसत नाही. अमेरिकी अभ्यासक होसे एस्तेबान मुन्योस यांनी आपल्या ‘डिसआयडेंटिफिकेशन्स’ (१९९९) या ग्रंथात फंग यांच्या या कामाची चर्चा केली आहे. प्रबळ संस्कृतीची प्रतिमा पूर्ण स्वीकारायची नाही आणि पूर्ण झिडकारायचीही नाही, तर तिच्यातूनच स्वतःपुरती वेगळी वाट काढायची, या वृत्तीला मुन्योस यांनी हे नाव दिले. मराठीत तिला ‘वि-तादात्म्य’ म्हणता येईल. शब्द थोडा जड आहे, पण ‘विरोध’ म्हटले तर अर्थ चुकतो.

४.३.५ चव्हाट्यावरची धुणी

‘डर्टी लाँड्री’ (१९९६) हे शीर्षक मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, असे आपणही म्हणतो. कॅनडात या शब्दप्रयोगाला आणखी एक वास्तव अर्थ आहे. तेथील चिनी स्थलांतरितांच्या वाट्याला आलेल्या मोजक्या व्यवसायांपैकी एक धोबीकामाचा होता.

पार्श्वभूमी अशी. कॅनडाच्या दोन किनाऱ्यांना जोडणाऱ्या लोहमार्गाच्या पश्चिमेकडील अवघड टप्प्यावर १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हजारो चिनी मजूर राबले. नोव्हेंबर १८८५ मध्ये शेवटचा खिळा ठोकला गेला, आणि त्याच वर्षी चिनी माणसाच्या प्रवेशावर ५० डॉलरचा डोईकर बसला. १९०३ पर्यंत तो ५०० डॉलर झाला. १९२३ च्या कायद्याने तर चिन्यांचे येणे जवळजवळ बंदच केले. तो कायदा १९४७ मध्ये रद्द झाला. एवढा कर भरून बायकोमुलांना आणणे मजुराला शक्य नव्हते. त्यामुळे वस्तीत पुरुषच पुरुष राहिले. इतिहासकार तिला ‘ब्रह्मचाऱ्यांचा समाज’ या अर्थाच्या नावाने ओळखतात, जणू या पुरुषांना मायदेशी बायका नव्हत्या आणि येथे शरीरे नव्हती.

फंग विचारतात : या पुरुषांनी एकमेकांवर प्रेम केले असेल का? दस्तऐवज याविषयी जवळपास मुके आहेत. जे लिहिले गेले ते चौकशी आयोगांनी लिहिले, चिनी माणूस अनैतिक असतो हे सिद्ध करण्यासाठी. म्हणून फीत कल्पित आणि माहितीपट यांच्या सीमेवर चालते. आजचा एक चिनी-कॅनडियन तरुण आगगाडीने प्रवास करतो आहे, त्याच्याजवळ पूर्वजाचे छायाचित्र आहे, आणि त्या छायाचित्राने सांगितले त्याहून अधिक काही त्याच्यामागे दडलेले आहे. ज्या समाजावर अनैतिकतेचा शिक्का मारूनच अन्याय झाला, त्याला आपले पूर्वज शुद्ध, कुटुंबवत्सल आणि सोशिक दिसावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी ‘त्यांतील काही समलिंगी असतील’ असे म्हणणारा घरभेदी ठरतो. फंग यांनी हा आरोप टाळला नाही. त्यांनी तो फितीच्या नावातच ठेवला.

४.३.६ ‘रेक्स व्हर्सेस सिंग’ आणि आपला कायदा

या टप्प्यावर विषय भारतापर्यंत येतो. २००८ मध्ये फंग यांनी जॉन ग्रेसन व अली काझिमी यांच्यासह ‘रेक्स व्हर्सेस सिंग’ ही फीत केली. १९१५ साली व्हँकूव्हरमध्ये दलीप सिंग व नैना सिंग या लाकूडगिरणीत काम करणाऱ्या दोन शिखांना वेशांतर केलेल्या पोलिसांनी सापळ्यात पकडले आणि त्यांच्यावर अनैसर्गिक संभोगाचा खटला भरला. आदल्याच वर्षी ‘कोमागाता मारू’ या जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना याच शहराच्या बंदरातून परत धाडण्यात आले होते. १९०९ ते १९२९ या काळात व्हँकूव्हरमध्ये अशा खटल्यांत उभे केलेल्या पुरुषांत शिखांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते.

फितीत हा खटला चार वेळा सादर होतो : एकदा कालसुसंगत नाट्य म्हणून, एकदा माहितीपट म्हणून, एकदा गाण्यांसह प्रचारनाट्य म्हणून, आणि शेवटी न्यायालयीन नोंदीची चिरफाड म्हणून. चारही वेळा नोंद तीच. प्रत्येक सादरीकरणात ‘कोणी कोणाला काय केले’ याचे उत्तर मात्र सरकते. सापळा लावणारा पोलीस येथे पाहणारा होता की करणारा? साक्षीतील वाक्यांचे कर्ते आणि कर्म यांची अदलाबदल झाली की गुन्हा कोणाचा, हेच बदलते. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही फीत आवर्जून पाहावी. न्यायालयीन भाषेवरील एखाद्या व्याख्यानापेक्षा ती अधिक शिकवते.

ज्या कायद्याखाली या दोघांना उभे केले गेले, त्याचे मूळ इंग्लंडमधील १५३३ च्या कायद्यात आहे. त्याच मुळातून भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ आले. दंडसंहिता १८६० ची, आणि प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ केले. १८८० च्या दशकात रिचर्ड बर्टन यांनी ‘अरेबियन नाइट्स’च्या अनुवादाला जोडलेल्या लेखात समलिंगी संबंध हे पूर्वेकडील प्रदेशांचे वैशिष्ट्य असल्याचे सांगितले होते. शंभर वर्षांनंतर पूर्वेकडील लोक तेच संबंध पश्चिमेचे म्हणू लागले. प्रत्येकाने ही इच्छा दुसऱ्याच्या देशात ढकलली आहे.

४.३.७ ‘सी इन द ब्लड’

२००० मधील ही २६ मिनिटांची फीत फंग यांची सर्वोत्तम निर्मिती आहे, असे माझे मत आहे. फंग यांची बहीण नॅन हिला थॅलॅसेमिया होता. हा रक्ताचा आनुवंशिक विकार. रुग्णाला पुरेसे निरोगी हिमोग्लोबिन तयार करता येत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत तो प्रथम ओळखला गेला, म्हणून ग्रीक भाषेतील ‘समुद्र’ आणि ‘रक्त’ या दोन शब्दांपासून त्याचे नाव घडवले गेले. फंग यांनी त्या वैद्यकीय शब्दाची केवळ फोड केली आणि शीर्षक तयार झाले : रक्तातला समुद्र. बेटावर जन्मलेल्या, समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला याहून नेमके नाव कुठून मिळणार?

फितीच्या केंद्रस्थानी दोन प्रवास आहेत. १९६२ मध्ये लहानगा रिचर्ड बहिणीबरोबर त्रिनिदादहून इंग्लंडला जातो, कारण तिच्या दुर्मीळ विकाराचा अभ्यास करू इच्छिणारे एक रक्तविकारतज्ज्ञ तेथे आहेत. १९७७ मध्ये तरुण रिचर्ड आपला जोडीदार टिम मॅक्कॅस्केल यांच्यासह युरोपातून आशियाकडे भटकायला निघतो. प्रेम बहरते. ते परत येण्यापूर्वीच नॅन मरण पावते. पुढे टिम एचआयव्हीबाधित असल्याचे कळते. ज्याने बहिणीच्या आजाराशेजारी बालपण काढले, त्याला जोडीदाराच्या आजाराशेजारी आयुष्य काढायचे असते.

दोन्ही आजार रक्ताचे. बहिणीशी नाते रक्ताचे, जोडीदाराशी नाते रक्ताचे नाही. पण त्याच्याही रक्तात काहीतरी आहे. ‘रक्ताचे नाते’ हा शब्दप्रयोग मराठीत किती सहज येतो! ही फीत पाहिल्यावर तो तितक्या सहज वापरता येत नाही. पाण्याखाली पोहणाऱ्या देहांची दृश्ये तिच्यात आहेत. त्यांत सुख आहे, श्वास कोंडण्याची भीतीही आहे. येथे इच्छा आणि अपराधभाव एकाच दिवसाच्या आठवणीत राहतात. ज्या प्रवासात प्रेम मिळाले, त्याच प्रवासामुळे बहिणीचा शेवटचा निरोप चुकला. निवेदक त्यांतील कशाचेही समर्थन करत नाही. १९८४ मध्ये कॅमेऱ्यामागे राहून इतरांना बोलते करणारा कलावंत येथे प्रथमपुरुषी एकवचनात पूर्णपणे आला आहे.

४.३.८ पुढील वाटचाल

‘आयलंड्स’ (२००२) ही छोटी फीत १९५७ च्या एका हॉलिवूडपटाची नव्याने केलेली जुळणी आहे. त्या चित्रपटाचे चित्रण टोबॅगोत झाले होते, आणि त्यात फंग यांचे एक काका जपानी सैनिक म्हणून गर्दीत उभे होते. काकांचा तो क्षणभराचा चेहरा शोधणे हाच फितीचा उद्योग. ‘दाल पुरी डायस्पोरा’ (२०१२) मध्ये ते टोरोंटोतील रोटीच्या दुकानातून त्रिनिदादला आणि तेथून भारतात जातात. १८४५ ते १९१७ या काळात करारबद्ध मजूर म्हणून सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय त्रिनिदादला गेले. त्यांतील बहुसंख्य भोजपुरी-अवधी पट्ट्यातील होते, आणि त्यांच्याबरोबर डाळ भरलेली ही रोटीही गेली. आपल्या पुरणपोळीची ती तिखटामिठाची चुलतबहीण म्हणावी. ‘पुरण’ म्हणजे भरणे, आणि भरलेले असणे हेच दोघींचे कूळ. या फितीत समलिंगी इच्छेचा विषय नाही. म्हणून काही जण तिला फंग यांच्या मुख्य प्रवाहाबाहेर ठेवतात. मला ते पटत नाही. आपल्यापर्यंत पोहोचलेली आवड मूळची कोणाची, हा प्रश्न ‘चायनीज कॅरेक्टर्स’मध्ये होता. येथे तो जिभेच्या बाबतीत आहे.

आणि २०१६ मध्ये ‘री:ओरिएंटेशन्स’ आली. १९८४ च्या चौदा जणांपैकी सात जण पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसतात. त्यांना त्यांचेच जुने चित्रण दाखवले जाते. मधल्या तीन दशकांत कायदे बदलले, एड्सने अनेक माणसे नेली, विवाहाचा हक्क आला, वंशभेद पुरता गेला नाही. साठीकडे झुकलेली माणसे आपल्याच तरुण चेहऱ्याकडे पाहतात आणि आपण त्यांना पाहताना पाहतो. एका चौकटीत एकच व्यक्ती पाहते आणि दिसतेही. घटकाच्या आरंभीचे ते इंग्रजी शीर्षक येथे मराठीत करायचे झाले, तर दोन्ही क्रियापदे एकत्र लिहावी लागतील.

४.४ स्वाध्याय

१. विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात सुमित्राची कहाणी बापू या तिच्या मित्राच्या निवेदनातून येते. सुमित्रा या नाटकात किती वेळा ‘पाहते’ आणि किती वेळा केवळ ‘दिसते’, हे संहितेतील प्रसंगांच्या आधारे तपासा. निवेदन सुमित्राकडे दिले असते तर कोणते प्रसंग लिहिता आले नसते?

२. आपल्या परिसरातील बोलीत आवडणे, भावणे, मन बसणे, जीव जडणे या अर्थांची कोणती क्रियापदे व वाक्प्रचार वापरले जातात? त्यांपैकी कोणत्या रचनांत बोलणाऱ्याचे लिंग कळते आणि कोणत्या रचनांत कळत नाही, याची नोंद करा.

३. आपल्या घरातील एखादे जुने समूहछायाचित्र घ्या. त्यात कोणाला मध्यभागी बसवले आहे, कोण कडेला आहे आणि कोण नाही, हे लिहा. जी व्यक्ती छायाचित्रात नाही, तिच्याविषयी घरातील ज्येष्ठांना विचारा आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने, उतरवून ठेवा.